आहे तो पाय सांभाळायचा, म्हणूनच खेळायचे

प्रश्न थोडक्यात असा: वय ३१. चौदा महिन्यांपूर्वी दुचाकीच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आठ महिन्यांपासून कृत्रिम पाय वापरतो, काम बैठे आहे. वजन ७३ किलोवरून ८४ किलोवर गेले, कंबर दुखते, जिना चढताना धाप लागते. पूर्वी कबड्डी खेळत होतो. पुन्हा एखादा खेळ सुरू केला तर तब्येतीला खरोखर फायदा होतो का, स्टंपला, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागाला, इजा तर होणार नाही ना, आणि त्यासाठी ब्लेड, म्हणजे धावण्यासाठीचा पात्यासारखा कृत्रिम पाय, घ्यावेच लागते का? आई म्हणते, "आहे तो पाय तरी सांभाळ."

उत्तर:

तुमच्या आईंचे हे वाक्य मी गेली बावीस वर्षे बाह्यरुग्ण विभागात निरनिराळ्या तोंडून ऐकत आलो आहे. कधी ते आई म्हणते, कधी बायको, तर कधी रुग्ण स्वतःच स्वतःला बजावत असतो. त्यातली काळजी रास्त आहे. मात्र जपायचे म्हणजे हलायचे नाही, असा जो अर्थ त्यातून काढला जातो, त्याने पाय गमावलेल्या माणसांचे जितके नुकसान होताना मी पाहिले आहे, तितके खेळताना झालेल्या दुखापतींनी झालेले पाहिलेले नाही. शिल्लक पाय, पाठ, हृदय आणि खुद्द स्टंप हे सारे नियमित आणि बेताने खेळल्याने अधिक काळ चांगले राहते, असे माझे मत आहे. ते का, हे जरा विस्ताराने सांगतो.

आधी तुम्हाला लागणाऱ्या धापेकडे पाहू. चालताना प्रत्येक पावलाच्या शेवटी पोटरीचे स्नायू टाच उचलून शरीराला पुढे ढकलतात. साध्या कृत्रिम पावलाला हा धक्का देता येत नाही, म्हणून ते काम मांडी, नितंब आणि दुसऱ्या पायावर येऊन पडते. त्यामुळे गुडघ्याखाली पाय काढलेल्या माणसाला तेवढेच अंतर चालायला ढोबळमानाने पाव पट जादा ऊर्जा लागते, आणि गुडघ्याच्या वरून पाय काढलेला असेल तर एकूण खर्च दीडपटीच्याही पुढे जातो. बहुतेक जण नकळत चालण्याचा वेग कमी करून हा बोजा झाकून टाकतात. तो उघडा पडतो जिन्यावर, चढावर किंवा बस पकडायला धावपळ करताना. समजण्यापुरता एक हिशेब मांडतो, त्यातले आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. अपघातापूर्वी तुमच्या शरीराची कमाल क्षमता १०० होती आणि साध्या चालीला त्यातले ३० खर्च होत होते असे धरा. आता त्याच चालीला ३८ लागतात. एवढ्यावर फारसे बिघडत नाही. पण चौदा महिन्यांच्या बैठ्या दिनक्रमाने कमाल क्षमता ७० वर आली असेल, तर ३८ म्हणजे तिच्या निम्म्याहून अधिक होतात, आणि म्हणूनच साधे चालणेदेखील कष्टाचे वाटू लागते. पाय कितीही भारी किमतीचा घेतला तरी ३८ चे फार तर ३६ होतील. ७० चे ९० करण्याचे काम मात्र व्यायाम आणि खेळच करू शकतात, आणि मी खेळाचा आग्रह धरतो त्याचे पहिले कारण हेच आहे.

वजनाबाबत एक गोष्ट अनेकदा तपासणीतही निसटते. तुमची उंची तुम्ही कळवलेली नाही, ती १७२ सेंटिमीटर धरू. ८४ किलोला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २८.४ येतो. परंतु काट्यावर तुमचा डाव्या पायाचा गेलेला भाग मोजला जात नाही. पावलासह गुडघ्याखालचा संपूर्ण पाय शरीराच्या वजनाच्या साधारण ६ टक्के असतो. तुमच्या नडगीचा काही भाग शिल्लक असल्याने आपण ४ टक्के धरू. मग तुलनेसाठी योग्य वजन ८७.५ किलो होते आणि बीएमआय २९.६ वर जातो. मांडीच्या मुळापासून पाय गेलेला असेल तर हा फरक १६ टक्क्यांपर्यंत असतो, म्हणजे काट्यावर सडपातळ दिसणारा माणूसही प्रत्यक्षात स्थूल असू शकतो. वजन करताना कृत्रिम पाय काढून ठेवावा, आणि दर वेळी तसेच करावे. काट्यापेक्षा कमरेचा घेर जास्त खरे बोलतो, म्हणून शिंप्याची टेप घरात ठेवलीत तर उत्तम.

पाय गमावल्यावर हृदयविकाराचा धोका वाढतो, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला, तेव्हा मांडीपासून पाय काढलेल्यांमध्ये आणि विशेषतः दोन्ही पाय गमावलेल्यांमध्ये हृदयविकाराच्या मृत्यूंचे प्रमाण इतर जखमी सैनिकांपेक्षा जास्त आढळले. ही मंडळी भरतीच्या वेळी धडधाकट होती. मधुमेहामुळे पाय गेलेले वृद्ध नव्हते. कमी झालेली हालचाल, पोटावर चढलेली चरबी आणि इन्सुलिनला दाद न देणारे शरीर ही त्यामागची कारणे मानली जातात, आणि या तिन्हींवर व्यायामाचा परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम सांगितले आहेत. म्हणजे दोन पायांच्या माणसाला जे माप लागू, तेच तुम्हाला लागू. तुम्ही त्याला अपवाद नाही.

आता आईंच्या वाक्यातल्या "आहे तो पाय" याकडे येतो. एक पाय गेल्यावर माणूस नकळत चांगल्या पायावर अधिक वेळ उभा राहतो, त्याच्यावर जोरात उतरतो आणि त्याच्याच आधाराने उठतो. वर्षानुवर्षे असे चालले की त्या बाजूच्या गुडघ्याची झीज लवकर सुरू होते. उलट कृत्रिम पायाच्या बाजूला खुब्याच्या हाडावर पुरेसा भार येत नाही, त्यामुळे तिथले हाड विरळ होत जाते आणि नितंबाचे स्नायू रोडावतात. या दोन टोकांमध्ये कंबर सापडते. तुमची कंबरदुखी बहुधा इथलीच आहे, त्यात बैठ्या कामामुळे खुब्याचा पुढचा भाग आखडल्याची भर पडलेली असणार. तपासताना मी रुग्णाला पालथे झोपायला सांगतो. स्टंपच्या बाजूची मांडी पलंगाला टेकत नसेल तर कमरेच्या तक्रारीचे निम्मे उत्तर तिथेच मिळते. रोज वीस मिनिटे पालथे झोपणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे, आणि खेळ सुरू केल्यावरही तो सोडायचा नाही, कारण बसून खेळायच्या प्रकारांनी हा आखडलेपणा वाढू शकतो.

याच संदर्भात घरातली एक सवय विचारून घेतो. सकाळी उठल्यावर पाय न घालता लंगडी घालत न्हाणीघरापर्यंत जाता का? बहुतेक जण जातात आणि त्याला कोणी धोका समजत नाही. लंगडी हा आपल्या मातीतला खेळ खरा, पण ८४ किलोच्या माणसाने दिवसातून सहा वेळा ओल्या फरशीवर एकाच गुडघ्यावर घातलेली लंगडी ही त्या गुडघ्याची कसरत नव्हे, झीज आहे, आणि पडून खुब्याचे हाड मोडण्याचा सर्वांत सरळ मार्गही आहे. पलंगाजवळ एक कुबडी टेकवून ठेवा. मैदानाची भीती बाळगणाऱ्या घरांमध्ये न्हाणीघराची भीती मात्र क्वचितच दिसते.

स्टंपचे काय, हा तुमचा खरा प्रश्न. स्टंप म्हणजे केवळ उरलेला तुकडा नव्हे. भार पेलण्यासाठी न बनलेल्या त्वचेला आणि स्नायूंना आपण ते काम शिकवत असतो. बेताने वाढवत नेलेल्या वापराने त्वचा कणखर होते, सूज उतरून आकार स्थिरावतो आणि मांडीचे स्नायू भरल्यामुळे सॉकेटवरचा, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत स्टंप बसतो तिच्यावरचा, ताबा सुधारतो. इजा होते ती घाईमुळे, सैल किंवा घट्ट सॉकेटमुळे आणि घामामुळे. स्टंपवर चढवायच्या सिलिकॉनच्या आवरणात, म्हणजे लायनरमध्ये, हवा खेळत नाही. अर्ध्या तासाच्या खेळात आत घामाचे पाणी साचते, पाय आत सरकू लागतो आणि त्या घर्षणाने कातडे सोलवटते. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी पाय काढून स्टंप आणि लायनर कोरड्या पंच्याने पुसून पुन्हा घालणे हा खेळाचाच भाग समजावा. स्टंपवरचे केस वस्तऱ्याने काढू नका, त्यामुळे केसांच्या मुळाशी फोड येतात. लायनर रोज रात्री सौम्य साबणाने धुऊन वाळवा.

दिवसभरात स्टंप थोडा आकसतो, खेळल्यावर आणखी आकसतो. तेव्हा सॉकेट सैल होऊन स्टंप आत खोलवर घसरतो आणि हाडाचे टोक तळाशी आपटू लागते. त्यासाठी खेळाच्या पिशवीत पातळ आणि जाड असे स्टंपचे मोजे असावेत आणि एखादा थर वाढवण्याची सवय लावून घ्यावी. पोहण्याचे नेमके उलट असते. सॉकेटबाहेर मोकळा राहिलेला स्टंप तासाभरात सुजू शकतो आणि बाहेर आल्यावर पाय बसत नाही. तेव्हा अंग पुसताच दाब देणारा मोजा चढवावा, थोडा वेळ थांबावे, जबरदस्तीने पाय घुसवू नये.

खेळून आल्यावर स्टंप कसा पाहायचा, हे मी प्रत्येकाला आरशासमोर बसवून शिकवतो. पाय काढल्यावर त्वचेवर लाल डाग दिसणारच. गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड शिरेवरची लाली बहुतेक वेळा अपेक्षित असते, कारण अनेक सॉकेट मुद्दाम तिथे भार घेतील अशी बनवलेली असतात. मात्र नडगीच्या कापलेल्या टोकावर, किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला लहान हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो त्याच्यावर लाली असेल, तर तो दाब चुकीच्या जागी पडतो आहे. डाग बोटाने दाबा, घड्याळ लावा. वीस मिनिटांत निवळला तर चिंता नाही. त्यानंतरही राहिला, गरम लागला, किंवा फोड आला, तर दुसऱ्या दिवशी पाय घालून खेळणे बंद, आणि फोटो काढून प्रोस्थेटिस्टकडे, म्हणजे कृत्रिम पाय बनवणाऱ्या तज्ज्ञाकडे, जायचे. स्टंपच्या मागची बाजू डोळ्यांना दिसत नाही म्हणून हातआरसा लागतो. या सगळ्याला चार मिनिटे पुरतात.

मग खेळ कोणता? कबड्डीची ओढ मी समजू शकतो, पण तुमच्या जुन्या संघात पाय घालून चढाईला जाऊ नका. पकड घोट्याला पडते. तुमचा घोटा कृत्रिम असल्याने ती ओढ सॉकेटमधून थेट गुडघ्याला पीळ देते, आणि समोरच्या खेळाडूलाही त्या कडक पावलाचा मार बसतो. त्याऐवजी तुमच्यासाठी माझी पहिली पसंती सिटिंग व्हॉलीबॉलला आहे. नेदरलँड्समध्ये १९५० च्या दशकात सुरू झालेला हा खेळ १९८० पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. मैदान १० मीटर बाय ६ मीटरचे, पुरुषांसाठी जाळीची उंची १.१५ मीटर, आणि चेंडूला हात लावताना बूड जमिनीला टेकलेले असलेच पाहिजे, हा त्याचा मुख्य नियम. कृत्रिम पाय लागत नाही, म्हणजे स्टंपला विश्रांती आणि शरीराला मेहनत असा दुर्मीळ योग साधतो. तळहातांनी रेटत सरपटण्याने खांदे, पोट आणि पाठीचे स्नायू असे काही दुखतात की पहिल्या आठवड्यात कबड्डीपटूंचाही तोरा उतरतो. पोटापाठीचे तेच बळ पुढे चालताना कमरेला उपयोगी पडते. सरावाच्या वेळी भिंतीकडेला पायांची रांग लागलेली असते. कोणाच्या पायात बूट, कोणाच्या पायात अजून चप्पल, एखाद्या सॉकेटवर चिकटवलेले गणपतीचे चित्र. नवीन माणूस आधी त्या रांगेकडे बघतो, आणि मग बऱ्याच वेळाने स्वतःचा पाय काढून तिथे ठेवतो. माझ्या मते त्या संध्याकाळचा मोठा व्यायाम तोच असतो.

पोहणे हृदयासाठी आणि सांध्यांसाठी उत्कृष्ट आहे, आणि स्पर्धेतही तिथे कृत्रिम अवयव लावता येत नाही, त्यामुळे कोणाचा पाय भारी हा प्रश्नच उरत नाही. फक्त तलावाच्या ओल्या काठावर लंगडी नको, रबरी बूच नीट असलेली कुबडी हवी. बॅडमिंटन पाय घालून खेळता येते. वळणे आणि थांबणे शिकवण्यात या खेळाचा हात कोणी धरणार नाही, पण तुमच्या बाबतीत ते तीन-चार महिन्यांच्या पायाभरणीनंतर यावे. मुंबईच्या मानसी जोशी यांचा डावा पाय २०११ मध्ये रस्ता अपघातात गेला. लहानपणी खेळलेल्या बॅडमिंटनकडे त्या पुनर्वसनाच्या काळात परतल्या आणि २०१९ मध्ये बाझेल येथे जागतिक विजेत्या झाल्या. यातल्या विजेतेपदापेक्षा मला "पुनर्वसनाच्या काळात" हे शब्द महत्त्वाचे वाटतात. कुबड्यांवर खेळायचे फुटबॉलही आहे. त्यात मैदानातले खेळाडू कृत्रिम पाय न लावता दोन कुबड्यांवर धावतात आणि गोलरक्षक एका हाताचा असतो. खांदे आणि मनगटे मजबूत असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

ब्लेड घ्यावेच लागते का, तर अजिबात नाही. ब्लेड हे धावण्याचे साधन आहे. त्याला टाच नसते, त्यावर स्थिर उभे राहणेही अवघड जाते, त्यासाठी वेगळे सॉकेट लागते आणि खर्च लाखांत जातो. स्टंपचा आकार पूर्ण स्थिरावण्यापूर्वी ते बनवले तर काही महिन्यांतच निरुपयोगी होते. कर्ज काढून ब्लेड घेतलेले आणि मग ते कपाटावर ठेवून दिलेले तरुण मी पाहिले आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी विकसित केलेल्या जयपूर फूटवर माणसे उकिडवी बसतात, चिखलात भात लावतात आणि सायकल चालवतात. त्यावर तासभर झपाझप चालण्याने हृदयाला मिळणारा फायदा ब्लेडवरच्या फायद्याहून कमी प्रतीचा नसतो. दीड-दोन वर्षे नियमित खेळून झाल्यावरही धावायचेच असे वाटले, तर तेव्हा ब्लेडचा विचार करू.

सुरुवात अशी करा. पहिले तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस वीस मिनिटे, स्थिर सायकल किंवा सपाट रस्त्यावरचे चालणे, इतक्या वेगाने की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. त्याबरोबर दोन दिवस मांडी, नितंब, पोट आणि खांद्याचे व्यायाम. तुमच्या फिजिओथेरपिस्टकडून स्टंपच्या बाजूचा खुबा मागे आणि बाजूला नेण्याचे व्यायाम आवर्जून शिकून घ्या. चौथ्या आठवड्यापासून एक दिवस पोहणे किंवा सिटिंग व्हॉलीबॉल. वेळ आणि जोर एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत, एका वेळी एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय घालताना दुखले, तर आदला दिवस जास्त झाला असे समजावे. वजनाचा काटा पहिल्या दोन महिन्यांत हलला नाही तरी निराश होऊ नका. धाप त्याआधी कमी झालेली दिसते. ती मोजण्यासाठी घराजवळचा एकच जिना ठरवून घ्या आणि दर रविवारी वर पोहोचल्यावर नाडी मोजून वहीत लिहा.

गेलेल्या पायात दुखणे, ज्याला आम्ही आभासी वेदना म्हणतो, त्याविषयी तुम्ही लिहिलेले नाही, पण ती बहुसंख्य लोकांना कधी ना कधी होते. खेळाने ती हमखास जाते असे मी म्हणणार नाही. खेळत्या माणसांची झोप सुधारते आणि रात्री त्या वेदनेकडे लक्ष जाण्याचे प्रमाण घटते, इतके मी खात्रीने पाहिले आहे. मनाच्या उभारीबद्दलही तेवढेच लिहितो. एक मात्र सांगतो, आमच्याकडे येणाऱ्या अनेकांना "प्रेरणादायी" हा शब्द अगदी नकोसा झालेला असतो. त्यांना कोणाची प्रेरणा व्हायचे नसते. हरल्यावर कोणीतरी त्यांच्यावर नेहमीसारखे चिडावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते, आणि ती संघात पुरी होते.

हे उत्तर इतरही वाचतील म्हणून काही वेगळ्या परिस्थितींविषयी लिहितो. ज्यांचा पाय मधुमेहाने किंवा रक्तवाहिन्या बंद झाल्याने गेला आहे, त्यांनी खेळ सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घेतलीच पाहिजे, कारण पायाच्या रक्तवाहिन्या बिघडवणारा आजार हृदयाच्या रक्तवाहिन्यांना सहसा वगळत नाही. त्यांच्या उरलेल्या पावलाची संवेदना तपासावी. ती कमी असेल तर धावणे आणि उड्या टाळून स्थिर सायकल, पोहणे आणि बसून करायचे खेळ निवडावेत, अनवाणी एक पाऊलही टाकू नये, आणि पावलाला जखम असेल तर ती भरेपर्यंत त्यावर भार देऊ नये. जखम उघडी असताना तलावातही उतरू नये. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खेळापूर्वी साखर मोजावी. ती १०० च्या खाली असल्यास आधी काही खावे, आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. एवढी पथ्ये असली तरी खेळाची सर्वाधिक गरज याच मंडळींना आहे, कारण त्यांचा दुसरा पायही धोक्यात असतो.

हात गमावलेल्यांना खेळात काय अडचण, असे अनेकांना वाटते. कडबाकुट्टी यंत्रात हात गेलेली मुले आपल्या ग्रामीण भागातून आजही येतात. एका बाजूचे वजन कमी झाल्याने वाढत्या वयात पाठीचा कणा बाजूला झुकू शकतो, आणि सगळी कामे करणारा दुसरा खांदा चाळिशीच्या आतच कुरकुरू लागतो. पोहणे आणि दोन्ही बाजूंच्या पाठीचे व्यायाम इथे औषधासारखे असतात. सायकल चालवायची तर दोन्ही ब्रेक एकाच मुठीवर घेऊन मगच. हिमाचल प्रदेशातल्या निषाद कुमार यांचा उजवा हात आठव्या वर्षी चारा कापण्याच्या यंत्रात गेला. त्यांनी टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये उंच उडीत रौप्यपदक मिळवले. हात गेल्यावर उडीचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांना मी एक हात खिशात घालून उडी मारायला सांगतो.

वय झाले, आता कुठे, ही सबब ३१ व्या वर्षी तुमच्या कामाची नाही, पण कोणाला ती सुचलीच तर होकाटो सेमा यांचे उदाहरण पाहावे. २००२ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या लष्करी कृत्रिम अवयव केंद्रात एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांची शरीरयष्टी पाहून गोळाफेक सुचवली, आणि २०१६ मध्ये, ३२ व्या वर्षी त्यांनी सुरुवात केली. २०२४ मध्ये पॅरिसला त्यांनी १४.६५ मीटर गोळा फेकून कांस्यपदक मिळवले तेव्हा ते ४० वर्षांचे होते.

शेवटी थोडे व्यवहाराचे. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड काढले नसेल तर काढून घ्या. राज्य पातळीवरच्या पॅरा स्पर्धांमध्ये उतरायचे झाले तर वर्गीकरणाच्या, म्हणजे अपंगत्वानुसार खेळाडूंचे गट ठरवण्याच्या, वेळी कागदपत्रे लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३० मध्ये क्रीडा सुविधांची तरतूद आहे, त्यामुळे सार्वजनिक तलावावर "तुम्हाला चालणार नाही" असे कोणी म्हणाले तर लेखी उत्तर मागा. तोंडी नकार देणारे लेखी द्यायला सहसा धजावत नाहीत. खेळ सुरू करण्यापूर्वी सॉकेट एकदा तपासून घ्या, कारण ते स्टंप ताजा असताना बनवलेले आहे आणि आठ महिन्यांत स्टंप बराच आकसलेला असणार. जिन्याची वही आणि स्टंपचे फोटो घेऊन सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणीला जा, आणि त्या दिवशी आईंना सोबत न्या. डाग दाबून पाहायला त्यांनाही शिकवा. घरात दुसऱ्या माणसाची नजर असली की स्टंपच्या मागच्या बाजूचा फोड एक दिवस आधी सापडतो.